कंटेनरच्या घराला आतून सुटणारा घाम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कंटेनरच्या घरांवर पानभर मजकूर दिलात. फोटो छान होते, कर्जत-मुरबाडकडे लोक दोन-तीन महिन्यांत घर कसं उभं करतात, खर्च कुठे वाचतो, वरची गच्ची कशी सजवतात, सगळं आलं त्यात. पण अख्ख्या पानात पाणी हा शब्द फक्त टाकीच्या निमित्ताने एकदा आला. ओल, बुरशी, पत्र्याला आतून सुटणारं पाणी याबद्दल एक ओळ नाही. ते पान वाचून मुंबईतली दहा-वीस घरं तरी आता उरणच्या यार्डात डबा बघायला जाणार, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कापून छापलं तरी चालेल, फक्त मुद्दा राहू द्या.

न्हावाशेवा बंदर १९८९ ला सुरू झालं, मी तिथे १९९३ ला लागलो आणि २६ वर्षं कंटेनर सर्व्हेअर, म्हणजे डबे तपासणारा, म्हणून काम केलं. आमच्या कामात अगदी पहिली शिकवलेली गोष्ट म्हणजे लाइट टेस्ट. रिकाम्या डब्यात आत जायचं, बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं लावून घ्यायला सांगायचं आणि अंधारात गप्प उभं राहून बघायचं की कुठून उजेड येतोय का. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी ते चांदणीसारखं चमकतं. उजेड आला म्हणजे पाणीही येणार, तो डबा नापास. असे हजारो डबे मी पास-नापास केले असतील. आणि तरीही वर्षातून काही वेळा तक्रार यायचीच, की डबा पास होता, सील शाबूत होतं, भोक एकही नाही, पण तिकडे थंड मुलखात उघडला तर वरच्या थरातली तांदळाची पोती भिजलेली, छपरावरून थेंब पडल्याच्या खुणा. आमच्या धंद्यात याला कंटेनर रेन म्हणतात, कोणी कंटेनर स्वेट म्हणतं. बाहेरून एक थेंब आत आलेला नसतो. पोती, लाकडी पॅलेट आणि कोंडलेली हवा यांच्यातला ओलावाच छताला जाऊन लागतो आणि परत खाली पडतो.

घरात रोज दिसणारी गोष्ट आहे ही. गरम भातावर ताट झाकलं की थोड्या वेळाने ताटाला आतून पाणी सुटलेलं असतं. ते ताट गळकं आहे असं कोणी म्हणत नाही. कंटेनर म्हणजे सहाही बाजूंनी झाकलेलं ताट, फक्त त्याच्या आत आपण झोपतो, आंघोळ करतो आणि कुकर लावतो.

आता आपल्या मुंबईचा हिशोब बघा. हवा ३० डिग्री आणि आर्द्रता ८० टक्के, म्हणजे जून-जुलैतली कुठलीही साधी संध्याकाळ. या हवेला साधारण २६ डिग्रीचा पत्रा लागला की पाणी सुटायला लागतं. फक्त चार डिग्रीचा फरक लागतो. विटांची भिंत नऊ इंच जाड असते, तिला गार व्हायला अर्धी रात्र जाते, आणि थोडं पाणी सुटलं तरी ते गिलावा पिऊन टाकतो. कंटेनरचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, तो दहा मिनिटांत गार होतो आणि थेंबभर पाणीही पीत नाही, सगळं तुमच्या अंगावर टाकतो.

पत्रा गार कधी होतो? एक म्हणजे पाऊस पडला की. छतावर सर आली की पत्रा लगेच त्या पाण्याएवढा थंड होतो, आत मात्र माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाच्या वाफेची हवा तशीच असते, आणि वरून थेंब पडायला लागतात. सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. पाऊस पडतोय आणि वरून पाणी पडतंय म्हटल्यावर शंभरातले नव्व्याण्णव लोक म्हणणार, गळतंय. मग वर डांबराची शीट, मग सिलिकॉन, मग वॉटरप्रूफिंगवाला, तो पाच वर्षांची गॅरंटी देऊन जातो आणि पुढच्या सरीला परत टपटप. उलट एवढी भोकं बुजवल्यावर आतली वाफ जायची उरलीसुरली वाटही बंद झालेली असते, त्यामुळे थेंब वाढतात.

दुसरं म्हणजे पावसाळा संपल्यावरच्या निरभ्र रात्री. लोकांना वाटतं पाऊस गेला, सुटलो. पण मोकळ्या आभाळाखाली पत्रा आपली उष्णता वर फेकत राहतो आणि पहाटेपर्यंत आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. डिसेंबरात सकाळी सोसायटीच्या आवारात उघड्यावर लावलेल्या गाड्यांचे टप बघा, ओले असतात, आणि झाडाखाली किंवा शेडमध्ये लावलेली गाडी कोरडी असते. तेच कंटेनरच्या छताचं होतं, आणि आत माणसं झोपलेली असली तर आतूनही होतं. म्हणून माझी एक साधी परीक्षा आहे. रात्रभर पाऊस नव्हता आणि तरीही पहाटे छताला आतून थेंब आहेत, तर ती गळती नाही. गळतीची एक ठराविक जागा असते, तिथे गंजाचा ओघळ असतो. घामाचे थेंब सगळ्या छताला सारखे, पत्र्याच्या घड्यांच्या कडेने ओळीने लटकलेले असतात. खात्री हवी असेल तर दिवसा दारं-खिडक्या लावून लाइट टेस्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे, पैसा लागत नाही.

आणि तिसरं कारण एसी. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण माझं स्वतःचं नुकसान तिथेच झालं.

माझी सासुरवाडी मनोरीची. तिथे वाडीत आमच्या हिच्या वाटणीचा छोटा तुकडा आहे. निवृत्त झाल्यावर तिथे चाळीस फुटी हाय क्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा फूटभर उंच डबा, ठेवायचं ठरलं. परवानगीचं प्रकरण वेगळं, त्यात शिरत नाही. डबा मी स्वतः निवडला, लाइट टेस्ट केली, खालचे क्रॉस मेंबर, म्हणजे तळाचे आडवे लोखंडी दांडे, टॉर्च मारून पाहिले, दारावरची प्लेट वाचली, तळाच्या लाकडाला कुठलं औषध मारलंय तेही त्या प्लेटवरच लिहिलेलं असतं आणि घरासाठी डबा घेणाऱ्याने ते वाचलंच पाहिजे, कारण खालची २८ मिलिमीटरची प्लाय कीड लागू नये म्हणून औषध दिलेली असते आणि तुमची नातवंडं तिच्यावर रांगणार असतात. ट्रेलर भाईंदर-उत्तनवरून फिरून आला, हायड्रा क्रेनने डबा उतरवला, अर्धी वाडी बघायला जमली होती.

फॅब्रिकेटरने आत लोखंडी चौकटी मारल्या, मध्ये ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, भरलं, वरून प्लाय, पुट्टी, पांढरा रंग. मी विचारलं की पत्र्याला आतून पाणी सुटेल त्याचं काय, तर म्हणाला साहेब एसी आहे ना, काही होत नाही, आम्ही असे किती केलेत. मला माहीत होतं की होतं. २६ वर्षं दुसऱ्यांच्या मालावर हेच पाणी पडलेलं मी रिपोर्टात लिहिलं होतं. तरी मी गप्प बसलो, कारण तो घरं बांधणारा आणि मी बंदरातला माणूस, आणि घर म्हणजे काहीतरी वेगळं असेल असं मला वाटलं. ते गप्प बसणं आजही मला लागतं.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही फारसे राहिलोच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गणपतीच्या आधी सलग पंधरा दिवस राहिलो, सात-आठ माणसं, दिवसरात्र एसी, बाहेर मुसळधार, दोरीवरचे ओले कपडे घरातच पंख्याखाली. चौथ्या दिवशी कुबट वास यायला लागला. सातव्या दिवशी हिने पलंगाखालची पेटी उघडली. त्यात सासूबाईंनी जुन्या नऊवारींची शिवलेली गोधडी होती, तिच्या घड्यांवर काळे ठिपके पडलेले, तिळाएवढे, हात लावला की बोटाला काळं लागायचं. ही काही बोलली नाही, नुसती गोधडी मांडीवर घेऊन बसली.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पलंगामागची प्लायची एक शीट काढली. पुढून भिंत स्वच्छ पांढरी, तिच्यावर घड्याळ लटकलेलं, कुठे डाग नाही. मागून तीच प्लाय काळी, बुरशीचे चट्टे एकात एक मिसळलेले, खालचा वीतभर भाग फुगून पापुद्रे सुटलेला. ग्लासवूल छतापर्यंत भरलेलं होतं ते ओलं होऊन स्वतःच्या वजनाने खाली घसरून कमरेएवढ्यावर बसलेलं, मूठभर घेऊन पिळलं तर पाणी पडलं. वरचा पत्रा उघडाच पडला होता आणि त्याच्या प्रत्येक घडीत थेंब, एकाखाली एक, टॉर्चच्या उजेडात मोत्यांच्या माळा लावल्यासारखे. चौकट जिथे जिथे पत्र्याला वेल्ड केली होती तिथे गंजाचे तांबडे ओघळ. स्विचबोर्डाच्या पाइपमध्येही पाणी होतं. त्या रात्री मेन स्विच बंद करून आम्ही मेव्हण्याच्या घरी झोपायला गेलो.

झालं काय होतं ते नीट सांगतो, कारण नेटवरचे परदेशी व्हिडिओ बघून जे लोक घर करतायत ते हीच चूक अजून मोठी करतात. थंड देशात घर आतून गरम असतं आणि बाहेर गारठा, त्यामुळे ओलावा आतून बाहेर जायला बघतो, म्हणून ते लोक प्लायच्या मागे, म्हणजे आतल्या बाजूला, प्लास्टिकचा कागद लावतात. त्यांच्याकडे ते बरोबर आहे. आपल्याकडे एसी लावला की गणित उलटं होतं. आतली भिंत गार आणि बाहेरची हवा दमट. ती दमट हवा दाराच्या रबरातून, कापलेल्या खिडकीच्या फटीतून, वायरीसाठी पाडलेल्या भोकातून भिंतीच्या पोकळीत शिरते आणि गार प्लायच्या मागे जाऊन पाणी होते. तिथे प्लास्टिक असेल तर त्याच्यावर पाणी होतं. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक, मध्ये अडकलेलं पाणी, सुकायला वाटच नाही. आणि एसी बंद असताना सर आली की पत्रा गार, मग त्याच पोकळीत दुसऱ्या बाजूने, पत्र्यावर पाणी सुटतं. म्हणजे ती पोकळी दोन्हीकडून मार खाते. खरा शत्रू ती पोकळी आहे. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हवा फिरायला जागा ठेवली की तुम्ही पाण्याला घर बांधून दिलं.

म्हणून सगळं काढलं. सगळं म्हणजे सगळं, प्लाय, ग्लासवूल, चौकटी. पत्रा तारेच्या ब्रशने घासला, गंजविरोधी प्रायमर मारला, आठ दिवस ऊन मिळेपर्यंत थांबलो, आणि मग पत्र्यावर थेट पीयू फोमचा स्प्रे मारून घेतला, दोन इंच, बंद पेशींचा जो कडक होतो तो. मऊ स्पंजसारखा फोम येतो तो घ्यायचा नाही, त्यातून हवा जाते आणि तो पाणी धरतो. फोम पत्र्याला असा चिकटतो की मध्ये हवाच उरत नाही, आणि हवा नाही तर पाणी कशाचं सुटणार. घड्यांच्या खाचा, कोपरे, छताच्या कडा, खिडकीची लोखंडी चौकट, सगळं झाकलं पाहिजे, कारण कुठेही लोखंड आतपर्यंत उघडं आलं की बरोबर तिथेच ओलीची पट्टी उठते. प्लाय लावायची फ्रेमही लोखंडाला लोखंड जोडून करायची नाही. ग्लासवूलच्या दुपटीपेक्षा जास्त खर्च आला, खोटं कशाला सांगू. पण दोनदा घर केल्याच्या खर्चापेक्षा तो कमीच. एक इशारा मात्र द्यायलाच हवा, हा फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो, म्हणून आग आवरणारा प्रकार मागून घ्या, तो उघडा ठेवू नका, त्यावर सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम बोर्ड हवाच, आणि वायरी पाइपातूनच न्या.

त्याहून स्वस्त आणि माझ्या मते त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे वरचं दुसरं छप्पर. कंटेनरच्या वर फूट-दीड फूट मोकळी जागा सोडून साधा पत्रा टाकायचा, बाजूंना दोन-तीन फूट बाहेर काढून. आपल्या कोकणातल्या घरांना पुढे पडवी आणि खाली उतरतं छप्पर का असायचं ते कंटेनरमध्ये एक पावसाळा काढला की कळतं. दिवसा ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, मधली हवा वाहून जाते, डबा तापत नाही. पावसात सर वरच्या पत्र्यावर पडते, डब्याचं छत एकदम गार होत नाही. आणि निरभ्र रात्री डब्याला आभाळ दिसत नाही, त्यामुळे तो शेडमधल्या गाडीसारखा कोरडा राहतो. एका पत्र्यात तिन्ही कामं. नैऋत्येकडची बाजू जास्त बाहेर काढा, आपला पाऊस तिकडूनच झोडपतो.

खालचंही बघा. आमचा डबा सुरुवातीला सहा इंची ठोकळ्यांवर होता, खाली माती, मातीतून वाफ वर, खालचे क्रॉस मेंबर दोन वर्षांत पोपडे धरायला लागले. मग जॅक लावून दीड फूट उचलला, खाली प्लास्टिक अंथरून वर खडी टाकली, आता खालून वारा जातो. कंटेनरचं लोखंड कॉर्टेन असतं, त्याला गंजाचा थर बसला की तोच त्याचं रक्षण करतो असं विकणारे सांगतात. ते खरं आहे, पण त्यासाठी लोखंड आलटून पालटून ओलं आणि सुकं व्हावं लागतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर नीट धरतच नाही. मनोरी, मढ, अलिबाग इकडे रंग उडाला की लगेच लावा, त्यात चालढकल नको.

आता आतलं पाणी. लोकांना पटत नाही की आपण घरात किती पाणी तयार करतो. गॅसचंच घ्या. एलपीजी जळला की त्यातून पाण्याची वाफ होते, एक किलो गॅसमधून दीड किलोहून जास्त पाणी. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात नुसत्या ज्योतीतून बावीसेक लिटर पाणी हवेत गेलं, कुकरची आणि भाताची वाफ वेगळीच. वीस फुटी डब्यात सगळी मिळून हवा ३३ घनमीटर. एवढ्याशा हवेत ते पाणी सोडल्यावर ते पत्र्यावर नाही जाणार तर कुठे. म्हणून चिमणी घेताना डक्टलेस घेऊ नका, ती तेल-वास गाळते आणि वाफ परत घरातच सोडते. पाइप बाहेर गेलाच पाहिजे. बाथरूमला एक्झॉस्ट, आणि कपडे बाहेर पडवीत, घरात नाही, एका मशीनच्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी सहज असतं.

खिडक्या उघड्या ठेवा असं सगळे सांगतात, पण मुंबईत ते अर्धंच बरोबर आहे. जानेवारीच्या दुपारी बाहेरची हवा कोरडी असते, तेव्हा सताड उघडा. जुलैत बाहेरची हवाच ओली, एसीने गार झालेल्या घरात ती घेतली की तुम्ही पाणी आत बोलावलंत. त्या दिवसांत एकतर एसी अजिबात न लावता आरपार वारा खेळू द्या, नाहीतर घर बंद ठेवून एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, लावा. दोन्ही एकदम नको. एसीही गरजेपेक्षा मोठा नको. वीस फुटी डब्याची आतली जागा दीडशे चौरस फूट सुद्धा भरत नाही, तिथे दीड टनाचा एसी लावला की खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, आणि हवा सुकायच्या आधीच तो थांबलेला असतो. मग खोली गार आणि ओली, गुहेसारखी. काहीशे रुपयांना आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते भिंतीवर लावा आणि आकडा साठच्या खाली ठेवायला बघा. आमच्याकडे आधी तो ८५ च्या खाली यायचा नाही, या पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर असताना ५५ ते ६० मध्ये राहिला. मालाच्या कंटेनरमध्ये आम्ही कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगायचो, त्या आता घरासाठीही ऑनलाइन मिळतात. बंद डब्यात त्या काम करतात, पण दिवसातून पन्नास वेळा दार उघडणाऱ्या घरात त्यांचा काही उपयोग नाही, आणि त्यातून जे पाणी गळतं ते खारट असतं, लोखंडावर सांडलं तर लोखंड खातं.

हे सगळं झालं हौसेने कंटेनर घेणाऱ्यांचं. पण मुंबईत कंटेनरमध्ये सगळ्यात जास्त राहतात ते हौसेने राहणारे नव्हेत, हे तुमच्या पुरवणीत यायला हवं होतं. बांधकामाच्या साइटवर कामगार ज्या केबिनीत झोपतात त्यातल्या कितीतरी केबिनी म्हणजे आत काहीही अस्तर नसलेले उघडे डबे असतात. या जुलैत आमच्या मुलुंडमध्ये एका साइटवर मला ओळखीच्या इंजिनीअरने बोलावलं, केबिनी गळतायत, तुम्ही कंटेनरचे जाणकार, जरा बघा म्हणून. सहा डबे, वीस फुटी, एकेकात दहा-बारा माणसं, दोन मजली लोखंडी पलंग, कोपऱ्यात स्टोव्ह. वरच्या पलंगांच्या वर छताखाली निळं प्लास्टिक सुतळीने बांधलेलं, घराच्या आत, आणि त्याच्या मधोमध पाणी साठून त्याची पोटं लोंबत होती. एक बीडकडचा पोरगा वरच्या पलंगावर बसून काठीने ते प्लास्टिक खालून उचलायचा, पाणी कडेला सरकवायचा आणि खाली ठेवलेल्या रंगाच्या डब्यात पाडायचा. मी विचारलं रोज करावं लागतं का, तर म्हणाला, "काका, भायेर पाऊस थांबला तरी आमच्याकडं थांबत न्हाई." रात्री दोनदा उठून तो हे करायचा आणि सकाळी आठला स्लॅबवर चढायचा.

डब्यांच्या छतावर तीन वेळा डांबरी शीट मारून झाली होती. मी पोरांना बाहेर काढून दारं लावून घेतली, सहाही डब्यांत उभा राहिलो. एका ठिकाणी उजेड दिसला, पाचात काहीच नाही. इंजिनीअरला तिथेच हिशोब करून दाखवला, झोपलेला माणूस तासाला साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी श्वासातून आणि अंगातून सोडतो, दहा माणसं आठ तास झोपली की तीन-चार लिटर, वर आतच होणारा स्वयंपाक. त्या पोरांच्या अंगावर रात्री पडत होता तो त्यांचाच श्वास. खोकला तर प्रत्येकाला होता.

१९९६ च्या बांधकाम कामगारांच्या केंद्रीय कायद्यातच लिहिलं होतं की मालकाने कामगारांना तात्पुरती राहायची सोय फुकट द्यायची आणि स्वयंपाकाची जागा वेगळी द्यायची. ती वेगळी जागा दिली असती तरी निम्मं पाणी आत आलं नसतं. माझी मागणी मोठी नाही. ज्या डब्यात माणूस झोपणार त्यावर दुसरं छप्पर, समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या, आणि चूल बाहेर, एवढं असल्याशिवाय साइटला केबिन ठेवू देऊ नये. परवानगी देताना आग, लिफ्ट, जाळ्या सगळं तपासतात, हेही तपासा. कंटेनर विकणाऱ्यांनी आणि फॅब्रिकेटरनीही गिऱ्हाइकाला आधी सांगावं की हा डबा घामेजतो आणि त्यावर आम्ही काय करणार आहोत, आणि तुमच्यासारख्या पेपरांनी घराचे फोटो छापताना भिंतीच्या मागे काय भरलंय तेही विचारावं.

त्या साइटवर इंजिनीअरने ऑगस्टमध्ये एका डब्यावर बांबू आणि जुने पत्रे टाकून दुसरं छप्पर करून दिलं, दोन खिडक्या कापल्या आणि स्टोव्ह बाहेरच्या शेडमध्ये हलवला. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. आतलं निळं प्लास्टिक अजून तसंच बांधलेलं आहे, पण कोरडं, त्याच्यावर त्या पोराने आपले दोन धुतलेले शर्ट आणि एक वही ठेवलीय. उरलेल्या पाच डब्यांवर अजून काही टाकलेलं नाही, पाऊस संपला आता पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं. ऑक्टोबर संपत आलाय, निरभ्र रात्री सुरू झाल्यात, त्या पाच डब्यांत पहाटे छताला हात लावून बघा म्हणून मी त्यांना सांगून आलोय.

आपला,
एक निवृत्त कंटेनर सर्व्हेअर,
मुलुंड (पूर्व), मुंबई